चिपेंडेलची खुर्ची आणि चिपेंडेल थाटाची खुर्ची

शिंदेशाही पगडी म्हटली म्हणजे ती एखाद्या शिंदे सरदाराच्या मस्तकावर प्रत्यक्ष बसलेली पगडी, असा अर्थ कोणी करीत नाही. ते पगडीच्या एका घडणीचे नाव आहे, हे ग्वाल्हेरीतील लहान मुलासही कळते. परंतु हे ज्याला उत्तम कळते, असा सुज्ञ गृहस्थ जुन्या विलायती सामानाच्या दुकानात शिरला, आणि दुकानदाराने महॉगनीच्या एखाद्या काळसर तांबूस खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून 'ही चिपेंडेल' एवढेच दोन शब्द उच्चारले, की त्याचा हा विवेक कोठे जातो कोण जाणे! लंडनच्या त्या विख्यात कारागिराने ती आपल्या हाताने घडविली, असे तो धरून चालतो आणि त्या समजुतीची किंमत रोख मोजतो. वस्तुतः 'चिपेंडेल' हा शब्द कधी एका माणसाचे नाव असतो, कधी एका कारखान्याचे, आणि बहुधा तो केवळ एका घाटाचे नाव असतो. या तीन अर्थांपैकी समोरच्या वस्तूला कोणता लागू पडतो हे ठरविणे, हे जुन्या इंग्रजी फर्निचरच्या अभ्यासातील सर्वांत कठीण काम आहे.

टॉमस चिपेंडेल हा इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील ऑटली या गावचा. १७१८ च्या जून महिन्यात तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला. घराण्यात लाकूडकामाची परंपरा होती. १७४८ साली लंडनमध्ये त्याचा विवाह झाल्याची नोंद आहे, आणि १७५३ च्या अखेरीस त्याने सेंट मार्टिन्स लेन या प्रतिष्ठित वस्तीत दुकान व कारखाना थाटला. तेथेच १७५४ मध्ये त्याने 'द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर' हा नमुन्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. खुर्च्या, पलंग, मेजे, कपाटे यांची एकशे साठ चित्रपत्रे त्यात होती. दुसऱ्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि १७६२ मध्ये चित्रपत्रांची संख्या दोनशेवर नेणारी तिसरी. इंग्लंडात याआधी एखाद्या कॅबिनेट-मेकरने स्वतःच्या नावावर असे भव्य पुस्तक काढले नव्हते. आज त्याचे नाव सर्वांच्या ओठी आहे ते या पुस्तकामुळे, आणि ते नाव वाटेल त्या खुर्चीला चिकटविले जाते तेही या पुस्तकामुळेच.

कारण हे पुस्तक विकत घेणारे कोण होते? तीनशेहून अधिक वर्गणीदारांची नावे त्यात छापलेली आहेत. त्यांत उमराव आहेत हे खरे. पण त्यांच्या जोडीला सुतार, कोरक्ये आणि कॅबिनेट-मेकर यांचा भरणा फार मोठा आहे. चिपेंडेलच्या समव्यावसायिकांनी त्याचे नमुने पैसे मोजून घेतले ते काही फडताळात ठेवण्यासाठी नव्हे. पुस्तकाचा उद्देशच मुळी असा होता की, गिऱ्हाइकाने त्यातून पसंत करावे आणि कारागिराने त्यावरून करावे. डब्लिनमध्ये त्या घाटाच्या खुर्च्या झाल्या, अमेरिकेत फिलाडेल्फियात झाल्या. इतकेच नव्हे, तर आपल्याकडे विशाखापट्टणमच्या हस्तिदंती जडावाच्या कारागिरांनीही अठराव्या शतकात इंग्रजी नमुन्यांवरून खुर्च्या घडविल्या. तेव्हा एखादी खुर्ची 'डायरेक्टर'मधील एखाद्या चित्राशी हुबेहूब जुळते, याचा अर्थ ती करणाऱ्याजवळ ते पुस्तक होते एवढाच निघतो. किंबहुना जाणकार मंडळी अशा हुबेहूब साम्याकडे थोड्या संशयानेच पाहतात. स्वतः चिपेंडेल आपल्या चित्रांना फारसा बांधलेला नव्हता. गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे आणि दालनाच्या मापाप्रमाणे तो त्यांत मनसोक्त फेरफार करी. चित्राला अक्षरशः चिकटून राहतो तो नक्कल करणारा.

मग कारखान्याची खूण पाहावी, असे कोणी म्हणेल. फ्रान्समध्ये ही सोय आहे. पॅरिसच्या कारागीर-संघाचे जे नियम १७५१ मध्ये अधिकृतपणे नोंदले गेले, त्यांनुसार संघाच्या उस्तादांनी आपल्या मालावर नावाचा शिक्का ठोकणे आवश्यक होते. त्यात अपवाद होते, तरी अभ्यासकाला काही आधार मिळतो. लंडनमध्ये असा नियम नव्हता. क्वचित कोणी खणाच्या आत छापील चिठ्ठी डकवी. लँकेस्टरच्या गिलो कंपनीने पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस नावाचा ठसा मारण्यास आरंभ केला. परंतु चिपेंडेलने ना शिक्का मारला, ना चिठ्ठी लावली. म्हणून एखाद्या मेजाच्या खणात 'चिपेंडेल' हे नाव ठळक कोरलेले आढळले, तर आनंद मानण्याऐवजी ते कोरणाऱ्याचा शोध घ्यावा हे बरे.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. चिपेंडेल हा एकट्याने पटाशी चालविणारा सुतार नव्हता. १७५५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा बावीस कामगारांच्या हत्यारपेट्या जळाल्या. यावरून कारखान्याच्या पसाऱ्याची कल्पना येते. भांडवल जेम्स रॅनी नावाच्या भागीदाराचे होते. तो १७६६ मध्ये वारल्यावर पुढे टॉमस हेग हा भागीदार झाला. कोरक्ये, कातारी, गादीकाम करणारे, मुलामा देणारे असे निरनिराळे हात एकाच खुर्चीला लागत. गिऱ्हाइकांच्या हवेल्या गाठणे, नमुने काढणे, दर ठरविणे आणि थकलेल्या रकमांसाठी पत्रे लिहिणे यांतच मालकाचा वेळ जात असला पाहिजे. १७७९ मध्ये तो वारला; त्यानंतर त्याच नावाच्या त्याच्या मुलाने धंदा चालविला आणि १८०४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. म्हणून 'चिपेंडेलने केलेले' याचा नेमका अर्थ 'चिपेंडेलच्या कारखान्यातून बाहेर पडलेले' एवढाच आहे, आणि तेवढे सिद्ध झाले तरी पुष्कळ झाले.

ते सिद्ध कशाने होते? कागदाने. जुन्या मराठी वाड्यांत रुमालांत बांधलेले जमाखर्च जसे इतिहाससंशोधकाच्या कामी आले, तसेच इंग्लंडमधील हवेल्यांतील बिले, पावत्या व पत्रे येथे कामी येतात. यॉर्कशरमधील नॉस्टेल प्रायरी ही हवेली याचे उत्कृष्ट उदाहरण होय. तिचा मालक सर रोलंड विन याने १७६६ पासून चिपेंडेलकडे काम दिले. १७६७ च्या एका बिलात ग्रंथदालनासाठी केलेल्या मोठ्या महॉगनी मेजाचे वर्णन आहे. लाकूड अत्यंत उंची. खाली दोन्ही अंगांस दारे. एका बाजूस दारांआड खण आणि दुसऱ्या बाजूस कप्पे. खांबांवर सिंहाची मुखे व पंजे. दारांच्या तावदानांवर कोरलेली लंबवर्तुळे. माथ्यावर काळे चामडे. किंमत बहात्तर पौंड दहा शिलिंग. ते मेज आजही त्याच हवेलीत उभे आहे. बिल हातात घेऊन मेजाभोवती एक फेरी मारावी आणि एकेक कलम ताडून पाहावे. एकही सुटत नाही. कारागीर, गिऱ्हाईक, वर्ष, किंमत, जागा आणि वस्तू ही साखळी जेथे अखंड आहे, तेथे 'चिपेंडेल' हे नाव निःशंकपणे उच्चारावे.

याच बिलांत दुसरीही एक नोंद आहे, आणि ती त्या भव्य मेजापेक्षाही अधिक शिकवून जाते. स्वयंपाकघरासाठी एल्म लाकडाचा एक मोठा मजबूत खाटकी ठोकळा, किंमत दहा शिलिंग! मांस तोडण्याचा ठोकळाही चिपेंडेलच्या दुकानातूनच आला. त्या काळचा असा कारखानदार संपूर्ण घर सजवून देण्याचा मक्ता घेई. उमरावाच्या ग्रंथदालनापासून नोकरांच्या खोल्यांपर्यंत सारे तो पुरवी. तेव्हा उत्कृष्ट कोरीव काम दिसले की चिपेंडेल आणि साधे काम दिसले की दुसरा कोणी, ही लोकप्रिय कसोटी या एका ठोकळ्यावर आपटून फुटते. लंडनमध्ये त्याच्या तोडीचे काम करणारे अनेक होते. राजघराण्याचे काम विल्यम व्हाइल व जॉन कॉब यांच्याकडे होते. १७६२ मध्ये व्हाइलने शार्लट राणीसाठी जवाहिराचे जे कपाट केले ते पाहून कोणीही थक्क व्हावे. लिनेल पितापुत्र होते, इन्स व मेह्यू होते. त्यांनी चिपेंडेलसारखे सर्वांआधी आणि सर्वांहून मोठे पुस्तक काढले नाही, म्हणून त्यांचे श्रेय दोन शतके चिपेंडेलच्या खात्यावर जमा होत राहिले.

नॉस्टेलमध्येच एक बाहुलीघरही आहे, ते साधारण १७३५ ते १७४० च्या सुमाराचे. ऑटली गाव त्याच परगण्यातले, म्हणून त्या घरातील चिमुकली मेजे-खुर्च्या पोरवयातील चिपेंडेलने केल्या, अशी आख्यायिका चालत आली. आख्यायिका मोठी गोड आहे. पण तिला कागदाचा आधार मुळीच नाही. हवेली खरी, कारागीर खरा, दोघांचा पुढील संबंधही खरा. तरीही या विशिष्ट वस्तूशी त्याचे नाते सिद्ध होत नाही. मोठ्या नावाच्या हवेलीत सापडलेल्या प्रत्येक वस्तूवर ते नाव लिहिण्याचा मोह किती बळकट असतो, हे यावरून दिसते.

या मोहाने मोठमोठ्या संग्रहालयांनाही चकविले आहे. बॅडमिंटन हाउस येथील चिनी घाटाचा, छपरीवर ड्रॅगन बसविलेला पलंग १९२१ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आला. चिनी घाट, काळ १७५४ च्या आसपासचा, काम अप्रतिम. तेव्हा चिपेंडेलवाचून दुसऱ्या कोणाचे नाव सुचणार? दीर्घकाळ तो चिपेंडेलचाच मानला जात होता. पुढे ड्यूकच्या हिशेबांत पैसे दिल्याच्या नोंदी सापडल्या त्या लिनेलच्या नावे, आणि पलंगाचा कर्ता बदलला.

कागद बिलाचाच असतो असे नाही, तंट्याचाही असतो. विख्यात नट डेव्हिड गॅरिक याच्या हॅम्टन येथील घरासाठी चिपेंडेलच्या कारखान्याने एक पलंग केला. त्याचे पडदे मच्छलीपट्टणच्या रंगीत चिटाचे होते. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी ते गॅरिकच्या पत्नीला भेट म्हणून पाठविले होते. हिंदुस्थानी चिटांवर तेव्हा इंग्लंडात बंदी असल्याने जकात खात्याने ते जप्त केले आणि गॅरिकला सरकारदरबारी रदबदली करावी लागली. कृष्णेच्या मुखाशी रंगविलेले ते कापड आज त्या पलंगासह लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे, आणि जप्तीच्या भानगडीमुळे त्याची हकीकतही कागदावर राहिली.

परंतु अधिकांश वस्तूंच्या नशिबी कागद नसतो. घराणी बुडाली, लिलाव झाले, बिले रद्दीत गेली. अशा वेळी लाकडालाच विचारावे लागते. मात्र लाकूड काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. ते वय सांगते, कधी प्रदेश सांगते. नाव सहसा सांगत नाही.

१७२१ च्या कायद्याने अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठली आणि जमेकाची महॉगनी इंग्लंडात येऊ लागली. नंतर क्यूबाची आली, होंडुरासची आली. जमेकाची व क्यूबाची जात घट्ट व जड, सूक्ष्म कोरीव काम धरून ठेवणारी. होंडुरासची तुलनेने हलकी व मोठ्या मापाची. रुंद, सरळ आणि फारशी न आक्रसणारी फळी मिळू लागल्याने कारागिराला एका तुकड्यात मेजाचा माथा करता आला आणि खुर्चीची पाठ फितीच्या गाठीसारखी कोरता आली. ही झाडे तोडून नदीपर्यंत ओढीत नेण्याचे काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर होते. ज्या हवेल्यांत हे फर्निचर गेले त्यांतील काहींची संपत्तीही तेथलीच. चिपेंडेलचे सर्वांत मोठे काम ज्या हेअरवुड हाउसमध्ये झाले, ते घराणे कॅरिबियन बेटांतील उसाच्या मळ्यांवर श्रीमंत झाले होते. नामांकित कारागिराचे नाव शोधताना या निनावी हातांचा विसर पडू नये.

आता वय कसे ओळखतात ते पाहू. लाकूड वर्षानुवर्षे आक्रसते ते आडवे, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी गोल कातलेला मेजाचा माथा आज मोजला, तर रेषांच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने दोन-तीन सूत कमी भरतो. जो माथा आजही परकाराने काढल्यासारखा गोल आहे त्याच्या वयाबद्दल शंका घ्यावी. फळीच्या न रंधलेल्या मागच्या अंगावर करवतीच्या खुणा राहतात. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात, एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या गोल करवतीच्या खुणा कमानदार. जुन्या स्क्रूची खाच मध्यावर नसते, त्याचे आटे हाताने कानशीने पाडलेले असतात आणि टोक बोथट असते. टोकदार यांत्रिक स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. खणाच्या पुढील फळीला आतून जादा भोके दिसली, तर मुठी बदलल्या असे समजावे.

सर्वांत सुंदर कसोटी कोरीव कामाची आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी साध्या जुन्या खुर्च्यांवर नवी नक्षी कोरून त्यांना 'चिपेंडेल' करण्याचा धंदा जोरात होता. हर्बर्ट सेसिन्स्की या जाणकाराने १९३१ मध्ये फर्निचरच्या बनावटगिरीवर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. अशा वस्तूचे लाकूड अस्सल जुने असते, सांधे अस्सल असतात. खोटी असते ती नुसती नक्षी. तिला पकडावयाचे कसे? मूळचा कारागीर पायाच्या गुडघ्यावर नक्षी येणार हे जाणून तेथे लाकूड जास्त ठेवी. म्हणून अस्सल नक्षी पायाच्या बाह्यरेषेच्या वर उठून दिसते. मागाहून कोरणाऱ्याला जादा लाकूड कोठून मिळणार? त्याची नक्षी आत बुडालेली असते. डोळे मिटून गुडघ्यावरून अंगठा फिरविला तरी हा भेद हाताला जाणवतो.

याखेरीज खास चिपेंडेलच्या कारखान्याच्या म्हणून काही सवयीही अभ्यासकांनी टिपल्या आहेत. कागदोपत्री सिद्ध झालेल्या वस्तू उलट्या करून तपासताना असे दिसले की, आतल्या हलक्या लाकडाला खालून तांबूस पाणरंग दिलेला असतो. सरस वाळेपर्यंत शिकंजा बसावा म्हणून खुर्चीच्या बैठकीच्या पट्ट्यांना आतून खाचा केलेल्या असतात. कपाटाच्या पायांमागचा ठोकळा अखंड नसून लहान तुकडे एकावर एक चिकटवून केलेला असतो. आणि लंडनहून दूरच्या परगण्यात माल पाठविताना खुर्ची पेटीत हलू नये म्हणून ज्या पट्ट्या स्क्रूने बसवीत, त्यांची भोके बैठकीखाली राहिलेली असतात. लीड्सजवळच्या टेंपल न्यूसम येथील क्रिस्टोफर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये चिपेंडेलवर जो द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून कागदाला अग्रस्थान देणारी ही पद्धती दृढ झाली. पण यांतील एकेक खूण इतर कारखान्यांतही आढळते. कामगार एक कारखाना सोडून दुसऱ्यात जात आणि हाताच्या सवयी बरोबर नेत. तीन-चार खुणा एकत्र आल्या, घाट जुळला आणि वस्तू कोणत्या घरातून आली हेही कळले, म्हणजे 'चिपेंडेलच्या कारखान्याची असावी' असे म्हणता येते. त्या 'असावी'मध्ये प्रामाणिकपणा आहे.

लिलावाच्या सूचीपत्रातील भाषाही या दृष्टीने बारकाईने वाचावी. नुसते 'टॉमस चिपेंडेलकृत' असे लिहिले तर त्यामागे पुरावा असल्याचा दावा असतो. 'चिपेंडेलची मानलेली' म्हणजे कोणा जाणकाराचे मत. 'चिपेंडेलकालीन' यात काळापलीकडे कसलेच आश्वासन नाही. आणि 'चिपेंडेल थाटाची' म्हटले की ती परवाचीही असू शकेल! मधल्या काळातील नकलांनी घोटाळा वाढविला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'डायरेक्टर'मधील नमुन्यांची पुन्हा लाट आली आणि उत्तम महॉगनीत असंख्य खुर्च्या झाल्या. त्या नकलांनाही आता शंभरावर वर्षे झाली. त्यांच्यावरही वयाची झिलई चढली आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या जुन्या घरांत विलायती घाटाची खुर्ची असेल तर ती या लाटेतील, किंवा तिच्यावरून येथेच सागवानात अगर शिसवीत उतरविलेली, असण्याचा संभव अधिक. ती वाईट ठरत नाही. ती फक्त दुसऱ्या कोणाची तरी आहे.

नावाचा हा खटाटोप केवळ किमतीसाठी चालतो असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. स्कॉटलंडमधील डमफ्रीज हाउस या हवेलीसाठी पाचव्या अर्लने १७५९ मध्ये चिपेंडेलकडून फर्निचर नेले. बिले शिल्लक, वस्तू शिल्लक, आणि त्या वस्तू ज्या दालनांसाठी केल्या ती दालनेही शिल्लक, असा हा दुर्मीळ योग अडीच शतके टिकला. २००७ मध्ये हवेली आणि आतील सामान विकावयास निघाले. सामान लिलावात सुटे विकले जाणार होते. सूचीपत्रे छापून झाली होती. खुर्च्या एका देशात, पलंग दुसऱ्या देशात, आरसे तिसऱ्या देशात गेले असते. प्रत्येक वस्तूला तिच्या नावाचा दाखला मिळाला असताच. परंतु पुढच्या अभ्यासकाला खुर्चीशेजारी मेज, मेजाशेजारी भिंत आणि हातात बिल धरून जे ताडून पाहता येते ते कायमचे गेले असते. आणि ज्यांच्याजवळ कागद नाही अशा शेकडो निराधार वस्तूंची परीक्षा ज्या सिद्ध वस्तूंशी तुलना करून करावयाची, त्या मापदंडाचीच मोडतोड झाली असती. तत्कालीन राजपुत्र चार्ल्स यांच्या पुढाकाराने साडेचार कोटी पौंडांची जुळवाजुळव झाली आणि हवेली सामानासकट राखली गेली. सौदा ठरला तेव्हा सामान भरलेल्या मोटारी लंडनच्या रस्त्याला लागल्या होत्या. त्या वाटेतूनच परत फिरविण्यात आल्या.